‘मुलीशी काय बोलायचं, हे आता कोर्ट ठरवणार?’

प्रश्न : माझी मुलगी आठ वर्षांची आहे. नवऱ्याने हिंदू विवाह कायद्याखाली घटस्फोटाचा अर्ज केला आहे. गेल्या तारखेला कोर्टाने अंतरिम आदेश दिला. मुलीचा ताबा माझ्याकडे, दर एका शनिवारआड सकाळी 10 ते संध्याकाळी 6 वडिलांकडे, बुधवारी आणि रविवारी पंधरा मिनिटं व्हिडिओ कॉल. इथपर्यंत ठीक होतं. पण खाली अटींची यादी आहे. मुलीसमोर एकमेकांबद्दल वाईट बोलू नये, केसची चर्चा करू नये, मुलीबरोबर निरोप पाठवू नयेत, सोशल मीडियावर काही टाकू नये, घरच्यांनाही तशी समज द्यावी, परवानगीशिवाय मुलीला बाहेरगावी नेऊ नये. वाचून मला कुणीतरी कानाखाली मारल्यासारखं झालं. आठ वर्षं तिला मी वाढवलं आणि आता तिच्याशी काय बोलायचं ते मला कोर्ट शिकवणार?

दोन महिने पोटगी आलेली नाही, म्हणून मागच्या शनिवारी मी तिला पाठवलं नाही. माझे वकील म्हणाले, ‘बघू पुढच्या तारखेला.’ भेटून आली की ती तासभर गप्प असते. मी खोदून विचारते आणि पुरावा म्हणून फोनवर रेकॉर्ड करून ठेवते. एकदा म्हणाली, ‘पप्पा म्हणतात, केस मम्मीमुळे चाललीय.’ म्हणजे अट त्यांनीच मोडली ना? माझी आई तर म्हणते, पोरीला खरं काय ते कळलंच पाहिजे. आता परवापासून ती म्हणतेय, मला पप्पांकडे जायचं नाही. मी काय करू?
— एक आई

ताई,

आधी अपमानाचं बोलू. तो काटा निघाल्याशिवाय पुढचं काही तुमच्या कानात शिरणार नाही.

या अटी तुमच्याकडे बघून लिहिलेल्या नाहीत. मी बरीच वर्षं कुटुंब न्यायालयात समुपदेशनाचं काम केलं. असे आदेश इतके वाचलेत की ‘उभय पक्षकारांनी अपत्यासमोर परस्परांची निंदा करू नये’ हे वाक्य मला झोपेतून उठवलं तरी म्हणता येईल. शिकलेले, न शिकलेले, सभ्य, भांडखोर, सगळ्यांच्या आदेशात थोड्याफार फरकाने हेच असतं. कारण घर मोडताना भली भली माणसं मुलांसमोर जे बोलतात, ते त्यांनी एरवी कधीच बोललं नसतं. कोर्टाने ते शेकडो वेळा पाहिलेलं असतं. आणि पत्रात तुम्ही लिहिलं नाहीत, पण याच अटी तुमच्या नवऱ्यालाही आहेत, शब्दाला शब्द.

कोर्टाला हा अधिकार हिंदू विवाह अधिनियम, 1955 च्या कलम 26 ने दिला आहे. खटला चालू असतानाच मुलांचा ताबा, पालनपोषण आणि शिक्षण याबाबत कोर्ट आदेश देऊ शकतं, शक्य तिथे मुलाची इच्छाही बघतं. मापदंड एकच, मुलाचं हित. 1890 च्या पालक आणि पाल्य कायद्यातही तोच आहे आणि हिंदूंपुरत्या 1956 च्या अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम 13 मध्येही तोच. आईचा हक्क, बापाचा हक्क हे त्याच्या मागून येतं. मुलं ही आईबापांची मालमत्ता नव्हेत की खेळणीही नव्हेत, हे सुप्रीम कोर्टाने 1973 मध्येच रोझी जेकब खटल्यात सांगून टाकलं आहे. तेव्हा त्या कागदाकडे तुमच्या वागणुकीचा दाखला म्हणून बघू नका. तो तुमच्या मुलीचा कागद आहे. एकदा तिचं नाव वर लिहून पुन्हा वाचा, त्यातली प्रत्येक ओळ वेगळी लागेल.

आता मागच्या शनिवारचं.

ते चुकलं. गोड करून सांगण्यात अर्थ नाही. पोटगी आणि भेट हे एकाच आदेशात असले तरी दोन वेगळे विषय आहेत. त्यांनी पैसे दिले नाहीत म्हणून तुम्हाला भेट थांबवता येत नाही, आणि उद्या तुम्ही भेट थांबवलीत म्हणून त्यांनाही पोटगी थांबवता येत नाही. कोर्टातले निम्मे तंटे या दोन गाठी एकमेकींना मारल्यामुळे होतात. दोन महिन्यांची थकबाकी घेऊन तुम्ही कोर्टात उभ्या राहिलात तर बाजू तुमची भक्कम. आता मात्र समोरचा वकील पोटगीचं अवाक्षर न काढता ‘भेट दिली नाही’ एवढंच तीनदा म्हणेल आणि रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या कामकाजाच्या नोंदीत, तेच उतरेल. मुद्दाम आदेश मोडणं हा कोर्टाचा अवमानही ठरू शकतो. त्या 1971 च्या कायद्यात सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा 2,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. एका शनिवारसाठी कुणी तुम्हाला तुरुंगात धाडणार नाही, पण असे शनिवार साठले की ताब्याचाच फेरविचार होतो.

मग करायचं काय? आज त्यांना एक मेसेज पाठवा. ‘मागच्या शनिवारी भेट झाली नाही. त्याऐवजी या रविवारी 10 ते 6 सोयीचं आहे का ते कळवा.’ एवढाच. कारण नाही, टोमणा नाही, पोटगीचा उल्लेख नाही. त्याची प्रत वकिलांना द्या आणि पुढच्या तारखेला पुरसीस, म्हणजे लेखी निवेदन, देऊन हे रेकॉर्डवर आणायला सांगा. थकलेल्या पोटगीसाठी वेगळी दरखास्त, म्हणजे वसुलीचा अर्ज, लावा. पोटगी कुठल्या कलमाखाली मंजूर झाली ते आदेशात बघा. फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं कलम 125, म्हणजे 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144 असेल, तर वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. वॉरंटनंतरही पैसे भरले नाहीत तर दर महिन्याच्या थकबाकीपोटी महिन्यापर्यंतची कैद होऊ शकते. ‘बघू पुढच्या तारखेला’ हे उत्तर पुरेसं नाही, हे वकिलांना स्पष्ट सांगा. त्यांना वेळ नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाच्या 15100 या क्रमांकावर फोन करा. 1987 च्या कायद्याप्रमाणे महिलांना आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. पुष्कळ बायकांना हे माहीतच नसतं.

आणि आता रेकॉर्डिंग. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती याची.

तुम्ही म्हणाल, सुप्रीम कोर्टाने तर परवानगी दिलीय. हो, जुलै 2025 मध्ये विभोर गर्ग खटल्यात कोर्टाने सांगितलं की नवरा-बायकोमधलं गुपचूप रेकॉर्ड केलेलं संभाषण वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून येऊ शकतं. पण तो वाद दोन मोठ्या माणसांमधल्या बोलण्याचा होता. आठ वर्षांच्या मुलीपुढे फोन धरून ‘पप्पा काय म्हणाले, परत सांग’ म्हणणं ही निराळी गोष्ट आहे. कुटुंब न्यायालयाला पुराव्याच्या बाबतीत बरीच मोकळीक आहे, त्यामुळे ते रेकॉर्डिंग कोर्ट ऐकेलही. फक्त त्यातून जे ऐकू येईल ते तुम्हाला वाटतंय ते नसेल. प्रश्न तुमचा, सूर तुमचा, आणि मधल्या शांततेत एक मूल अंदाज घेतंय की आईला नेमकं काय हवंय.

एक मुलगा मला आठवतो. नऊ-दहा वर्षांचा असेल. खोलीत आला, खुर्चीत नीट बसला आणि मी काही विचारायच्या आधीच म्हणाला, ‘मॅडम, मम्मीवालं सांगू की पप्पावालं?’ दोन्ही उत्तरं पाठ होती. तिसरं, त्याचं स्वतःचं, त्याला कुणी विचारलंच नव्हतं. मी त्याला चित्र काढायला दिलं. चाळीस मिनिटं तो एकच ट्रक रंगवत बसला. त्या दिवशी माझ्या अहवालात फार काही लिहायला नव्हतं.

समुपदेशक किंवा न्यायाधीश मुलाशी चेंबरमध्ये एकटं बोलतात ते यासाठीच. शिकवलेलं वाक्य त्यांना लगेच कळतं, कारण त्यातले शब्द मुलाच्या वयाचे नसतात. तुमच्या मुलीच्या तोंडून उद्या ‘पप्पा जबाबदारी घेत नाहीत’ असं काही निघालं, तर नुकसान तुमचंच होईल.

आणि ती गप्प का असते? दर वेळी त्यामागे काहीतरी घडलेलंच असतं असं नाही. एका घरातून दुसऱ्या घरात येताना मुलांना मन बदलायला वेळ लागतो. तिकडे जे हसली-खेळली ते इथे दाखवलं तर आईला वाईट वाटेल, अशीही भीती असते. दिवस चांगला गेला असेल तर ही भीती उलट जास्त असते! तिला तो तास द्या. दप्तर कुठे ठेवायचं, हातपाय धू, एवढंच बोला. ‘काय काय केलंस?’ हा प्रश्नही पहिल्या तासात नको. तिने आपणहून सांगितलं तर ऐका, आणि चांगलं काही सांगितलं तर चेहरा चांगला ठेवा. हे अवघड आहे, मला कल्पना आहे. मोबाइलमधली ती जुनी रेकॉर्डिंगं मात्र रागाच्या भरात पुसू नका आणि कुणाला पाठवूही नका. ती आहेत हे वकिलांना सांगा, आणि नवी करणं आजपासून बंद.

‘केस मम्मीमुळे चाललीय’ हे वाक्य मात्र तिने तुम्हाला खरोखर सांगितलं आहे. ते सोडून द्यायचं नाही. वहीत तारीख घालून तिचे नेमके शब्द लिहा, आपली टिपणी न जोडता. ती हे कधी म्हणाली, तुम्ही विचारल्यावर की आपणहून, तेही लिहा. हे वाक्य पप्पांनी मुद्दाम पढवलेलं असेल, किंवा तिने ‘केस कोणामुळे?’ असं विचारल्यावर त्यांच्या तोंडून निसटलं असेल. दोन्ही चूकच, पण कोर्ट दोन्हींकडे सारख्या नजरेने बघणार नाही. पुढच्या तारखेला समुपदेशकांकडे हे मांडा, आणि पुन्हा घडलं तर अर्ज करा. तिच्यापुरतं उत्तर एवढंच: ‘ते मोठ्यांचं काम आहे. मी, पप्पा आणि कोर्ट मिळून बघतोय. तुझ्यामुळे काही झालेलं नाही.’ शेवटचं वाक्य गाळू नका. या वयाच्या मुलांना आतून तसं वाटत असतं आणि ती ते कुणाला सांगत नाहीत.

मूल एका पालकाविरुद्ध फिरवलं गेलं तर काय होऊ शकतं, याची दोन टोकं तुमच्या वकिलांना ठाऊक असतील. 2017 मध्ये विवेक सिंग खटल्यात लहानपणापासून वडिलांकडे वाढलेल्या मुलीचा ताबा सुप्रीम कोर्टाने वर्षभरासाठी आईकडे दिला, मुलीला आईजवळ राहण्याचा अनुभवच मिळाला नव्हता म्हणून. उलट 2024 च्या रमनीश पाल सिंग खटल्यात त्याच कोर्टाने बजावलं की नेमक्या घटना दाखवल्याशिवाय ‘मूल फितवलं’ असा शिक्का कुणावर मारू नका. तुमच्या वहीचं महत्त्व इथे आहे. आणि तिच्यात स्वतःच्या चुकाही लिहा, मागच्या शनिवारपासून सुरुवात करून. एकाच बाजूची वही कुणाला खरी वाटत नाही.

तुमच्या आईंबद्दल लिहिताना मी जरा थांबले, कारण त्या माझ्याच वयाच्या असतील. त्यांच्या डोळ्यांसमोर त्यांची मुलगी रडलेली आहे. त्यांना जावयाचा राग येणारच आणि तो यावाही. पण तुमच्या आदेशात ‘घरच्यांना समज द्यावी’ असं स्पष्ट लिहिलंय, म्हणजे आजीच्या बोलण्याचा जाब तुम्हाला द्यावा लागेल. त्यांना कायदा सांगू नका, उपयोग होणार नाही. असं सांगून बघा: ‘आई, तू तिच्या बापाला नावं ठेवतेस तेव्हा ती स्वतःकडे बघते. सगळे म्हणतात, तिचं नाक बापाचं आहे.’ बहुतेक आज्या या एका वाक्यावर थांबतात. राग ओकायला त्यांनाही जागा लागेल. ती जागा तुम्ही व्हा, रात्री, मुलगी झोपल्यावर. आणि ‘पोरीला खरं कळलंच पाहिजे’ याला माझं उत्तर असं की कळेल, ती मोठी झाल्यावर तिची ती कागद वाचेल. आठव्या वर्षी तिला खरं सांगायचं म्हणजे तिला साक्षीदार करायचं.

बाकीच्या अटी फार डोकं न खाणाऱ्या आहेत. व्हॉट्सअॅप स्टेटसवरचे ‘कर्माचं फळ’ छाप सुविचार काढून टाका. नाव नसलं तरी सगळ्यांना कळतं कुणासाठी आहेत, आणि स्क्रीनशॉट काढून दाखल करायला दोन मिनिटं लागतात. कुटुंब न्यायालयाच्या कायद्यात, कलम 11 मध्ये, दोघांपैकी एकाने मागितलं तरी सुनावणी बंद दाराआड घ्यावी लागते. तुमची अब्रू जपायला कायदा दार लावून घेतो आणि आपण खिडकीतून स्टेटस टाकतो, याला काय म्हणावं! बाहेरगावी जायचं असेल तर तारखा आणि पत्ता देऊन आधी अर्ज करा. लग्नकार्य, आजारपण अशा कारणांना परवानगी सहसा मिळते. न विचारता गेलात तर दोन दिवसांच्या लग्नाचं ‘मुलीला पळवून नेलं’ होतं. व्हिडिओ कॉलच्या वेळी फोन चार्ज केलेला असू द्या आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत असा. 2020 च्या यशिता साहू निकालात सुप्रीम कोर्टाने भेटीइतकंच फोनवरच्या संपर्कालाही महत्त्व दिलं आहे आणि ज्याच्याकडे ताबा नाही त्याला रोज पाच-दहा मिनिटं मुलाशी बोलता यावं असं म्हटलं आहे. तुमच्याकडे तर आठवड्यातून दोनदाच आहे. ती पंधरा मिनिटं चोरू नका.

राहिलं ‘मला जायचं नाही’.

यात दोन गोष्टी असू शकतात आणि त्यांची उत्तरं विरुद्ध आहेत. अंगावर खुणा, अंथरूण ओलं व्हायला लागणं, एखाद्या माणसाचं नाव काढताच आक्रसून जाणं, कुठे हात लावला अशा तऱ्हेचं बोलणं, यातलं काहीही दिसलं तर शनिवार, आदेश, वही सगळं बाजूला. आधी डॉक्टर, त्याच दिवशी वकिलांमार्फत तातडीचा अर्ज, आणि मुलांसाठीची 1098 ही हेल्पलाइन. भेट मुलाच्या हिताला बाधक ठरेल असं वाटलं तर कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 21 खाली मॅजिस्ट्रेट ती नाकारू शकतात. पण हे हत्यार खोटं उपसू नका. पोरीला त्यासाठी जे सोसावं लागतं ते मी पाहिलंय.

तुमच्या पत्रावरून मला तसं वाटत नाही. मला दिसतं ते असं, की एक शनिवार हुकला, घरात कुजबुज झाली, आजी काही बोलली, आणि मुलीने ओळखलं की ‘जायचं नाही’ म्हटलं की या घरात सगळ्यांना बरं वाटतं. मुलं घर सांभाळतात, ताई, आपल्याला कळतही नाही. तसं असेल तर तिला पाठवायचं, रडली तरी, आजारी असताना जसं औषध देतो तसं, न चिडता. आठ तास तिला खरंच जड जात असतील तर अंतरिम आदेश बदलून मागता येतो. सुरुवातीला चार तास, किंवा पहिल्या काही भेटी कोर्टातल्या मुलांच्या खोलीत समुपदेशकांसमोर. मागा, कारणं द्या, पण नवा आदेश येईपर्यंत जुनाच पाळा.

पुढच्या भेटीच्या दिवशी तिचं दप्तर तिलाच भरू द्या, तिचं आवडतं एखादं खेळणंही बरोबर जाऊ दे. दारात लांबलचक निरोप नको, ‘पोचलीस की फोन कर’ नको, डोळ्यात पाणी नको. ‘संध्याकाळी सहाला मी इथेच आहे’ एवढं म्हणा. आणि त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला आईंना बाहेरचं एखादं काम काढून द्या, लांबचं.